दोरी नसलेला नांगर

आजच्या भागाची सुरुवात एका व्हिडिओपासून. अमेरिकेतलं तळं, वारा बऱ्यापैकी, आणि एक माणूस होडीच्या पुढच्या टोकाला उभा राहून गळ टाकतोय. नांगर टाकलेला नाही, वल्हं हातात नाही, तरी होडी जागची हलत नाही. पुढे पाण्यात सोडलेली विजेवरची छोटी मोटर आपली आपणच डावी-उजवीकडे वळते, जरा घुरघुरते, गप्प होते. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग शोधत बसलो, की हिला हे शिकवलं कोणी?

या मोटरला ‘ट्रोलिंग मोटर’ म्हणतात. इन्स्टावरचं ट्रोलिंग नाही हं! चालत्या होडीमागे आमिष ओढत मासे पकडायचे, ते ट्रोलिंग. 1934 साली नॉर्थ डकोटातल्या फार्गोमध्ये ओ. जी. श्मिट नावाच्या माणसाने जुन्या फोर्ड गाडीचा स्टार्टर घेतला, त्याला दांडा आणि पंखा जोडला, आणि मासे न बिचकता होडी हळू चालवायची सोय केली. मिनेसोटा आणि डकोटा यांच्या नावांवरून कंपनीचं नाव पडलं ‘मिन कोटा’. पण ही मोटर होडी फक्त पुढे न्यायची. जागेवर धरून ठेवायचं काम माणसाचंच. एका हातात गळ आणि दुसऱ्यात मोटर.

जागेवर धरायची कला आली भलतीकडून, तेलवाल्यांकडून. 1961 मध्ये मेक्सिकोच्या ग्वाडालूप बेटाजवळ ‘कस वन’ हे जहाज समुद्राच्या तळाला भोक पाडायला गेलं. खाली पाणी साडेतीन हजार मीटर. एवढ्या खोलीत नांगर टाकून जहाज पक्कं धरणं शक्यच नव्हतं. मग जहाजाला चार फिरते पंखे लावले, भोवती तरंगती बोयी सोडली आणि रडार-सोनारवर त्यांच्याकडे बघत एक माणूस हाताने जहाज मधोमध ठेवत राहिला. लेखक जॉन स्टाइनबेक त्या जहाजावर होता, त्याने ‘लाइफ’ मासिकात त्यावर लिहिलंही. त्याच वर्षी शेल कंपनीच्या ‘युरेका’ जहाजावर हे काम यंत्राकडे गेलं. तळावर वजन सोडायचं, त्याची तार ताणून ठेवायची; तार कलली की जहाज सरकलं, पंखे आपोआप फिरणार. मला तर ही युक्ती जीपीएसपेक्षा जास्त आवडते.

हे तंत्र आपल्या समुद्रातही आलं, आणि ते हातचं गेलं की काय होतं तेही आपण पाहिलंय. 27 जुलै 2005, मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मुंबई हायवर ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज एका जखमी स्वयंपाक्याला प्लॅटफॉर्मवर पोचवायला आलं, कारण हवेमुळे हेलिकॉप्टर बंद होती. जहाजाच्या संगणकावर चालणाऱ्या पंख्यांमध्ये बिघाड होता, म्हणून ते हाताने जवळ आणलं. लाटेने उचललं, जहाजाचं हेलिपॅड गॅसच्या पाइपवर आदळलं, आग लागली. दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. 22 माणसं गेली.

आता परत तळ्यावर येऊ. होडीवाल्याला बोयी आणि तारा कुठून परवडणार? त्याला आकाशातून उत्तर हवं होतं. जीपीएसचे उपग्रह 1978 पासून वर जात होते, पण अमेरिकी लष्कर सामान्य लोकांचा सिग्नल मुद्दाम बिघडवून द्यायचं. चूक शंभर मीटरपर्यंत. शंभर मीटरच्या चुकीवर होडी ‘जागेवर’ धरली तर ती खडकावरून दुसऱ्याच पाण्यात जाईल! मे 2000 च्या सुरुवातीला क्लिंटन सरकारने ही गडबड बंद केली आणि एका रात्रीत अचूकता जवळपास दहापट झाली. तुमचा झोमॅटोवाला दारापर्यंत येतो, त्यामागेही तीच रात्र आहे.

2010 मध्ये मिन कोटाने ‘स्पॉट-लॉक’ आणलं. बटण दाबलं की मोटर ती जागा लक्षात ठेवते. होडी सरकली की तिकडे तोंड करून ओढते. मोटर पुढच्या टोकाला असल्यामुळे बाकीची होडी वाऱ्याच्या दिशेने मागे लोंबते, अगदी नांगराला बांधल्यासारखी. फक्त दोरी दिसत नाही. एक पेच मात्र होता. जीपीएस ‘तू इथे आहेस’ सांगतं. उभ्या होडीचं तोंड कुठे आहे ते सांगत नाही. पुढे होडीवर दिशा ओळखणारा वेगळा सेन्सर आला, मग ‘जॉग’ करता येऊ लागलं: रिमोटवर एक दाब, होडी दीड मीटर डावीकडे. आधी गेलेला मार्ग आपोआप पुन्हा गिरवणं, ठरावीक वेगाने चालणं, हेही जमतं.

यामुळे मासेमारी सोपी झाली का? झालीच. एकटा माणूस आता वाऱ्यात दोन्ही हातांनी मासा खेचू शकतो. पण वारा कुठून, होडी किती वाहील, हा अंदाज पूर्वी दर मिनिटाला घ्यावा लागायचा, तो आता बटणाच्या आत गेलाय. मोटरला पाणवेल गुंडाळली किंवा बॅटरी संपली, की तो अंदाज एकदम हवा असतो, तोही नेमका जोराच्या वाऱ्यात, कारण बॅटरी तेव्हाच भराभर उतरते. त्या व्हिडिओतल्या माणसाच्या पायाशी, नीट बघितलं तर, लोखंडी नांगर आणि गुंडाळलेली दोरी होती.