गाडीचा रंग पिकतो कुठे?

दिवाळी जवळ आली की वडनेरच्या बहुतेक घरांसमोर एक दृश्य दिसतं. अंगणात बादली, फडकं आणि मधोमध घरची गाडी. कोणाची नवी मोटारसायकल, कोणाची जुनी चेतक, तर कोणाची बैलबंडी. गाडी पुसतो तेव्हा आपला हात पत्र्यावर नसतो, रंगावर असतो. हा रंग कंपनीच्या डब्यातून येतो हे खरं, पण त्याचा इतिहास खणत गेलं तर तो आपल्याच काळ्या मातीत येऊन थांबतो.

सुरुवात जवसापासून. जवसाची चटणी आपण सगळ्याच करतो. जवसाच्या तेलाच्या बरणीचं तोंड नीट पुसलं नाही तर तिथलं तेल चिकट होतं, मग कडक होतं आणि घासूनही निघत नाही. खोबऱ्याच्या तेलाचं असं होत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि त्याचा पापुद्रा बनतो. स्वयंपाकघरातला हा ताप रंगाऱ्याच्या मात्र कामाचा. या तेलात रंगाची भुकटी घोटली की झाला तेलरंग. शेकडो वर्षं जगभर लाकूड-लोखंड याच रंगाने रंगत होतं. इंग्रजांच्या काळात आपल्या मध्य प्रांतातून कापसाबरोबर जवसही मुंबई बंदरातून विलायतेला जाई, आणि तिथे त्याचं मोठं गिऱ्हाईक रंगाचे कारखानेच होते.

दुसरी ओळखीची वस्तू शेंदूर. मारुतीला तेलात कालवून लावतो तोच. शेंदूर म्हणजे शिशाची भस्मासारखी लाल भुकटी. जवसाच्या तेलात ती कालवून लोखंडाला लावली की गंज धरत नाही, म्हणून रेल्वेच्या पुलांना आणि आगबोटींना पहिला हात याचाच असे. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदूर 2022 साली काढला, तेव्हा आतलं मूळ रूप लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. रंगाचे थर असेच असतात, झाकतातही आणि जपतातही. हे पुढे लागणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

मोटार आली तेव्हा ती रस्त्यावर नवी असली तरी रंगाच्या बाबतीत बग्गीच होती. तेलरंगाचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात द्यायचा. चांगल्या मोटारीच्या रंगकामाला आठवडेच्या आठवडे जात. फोर्डने 1914 पासून कित्येक वर्षं आपली मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्यामागे कामाचा झपाटा आणि खर्च हाच हिशेब होता. फोर्ड म्हटलं की आपल्या वर्ध्याची एक गंमत सांगायलाच हवी. जमनालाल बजाजांकडे एका जुन्या फोर्डला बैल जुंपत आणि थट्टेने तिला ‘ऑक्स-फर्ड’ म्हणत, असं सांगतात.

मग 1923 साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने ‘ड्युको’ नावाचा रंग बाजारात आणला. तो फवारता येई आणि बघता बघता वाळे. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं, आणि निळ्या-हिरव्या गाड्या साध्या माणसाच्याही आवाक्यात आल्या. आपल्याकडचे पेंटर आजही कुठल्याही गाडीच्या रंगाला ‘ड्युको मारला’ म्हणतात, ते या नावावरून. हा ड्युको कशाचा होता? कापसाचा. कापसातला तंतुमय गाभा तेजाबात मुरवून त्याचं नायट्रोसेल्युलोज करतात आणि ते थिनरमध्ये विरघळवतात. जिनिंग झाल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, जी सूत काढायला बिनकामाची, तीही या कामी येते. हिंगणघाटच्या नावाने कापूस विलायतेच्या बाजारात ओळखला जात होता. या भागात बोंडं वेचणाऱ्या बायकांचे हात मोजता येणार नाहीत इतके. गाडीच्या चकाकीच्या इतिहासात त्या हातांचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

आता आपल्या घरच्या गाडीकडे येऊ. बजाज ऑटो 1945 साली सुरू झाली ती ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावाने. बछराज म्हणजे वर्ध्याचे शेठ, ज्यांनी जमनालालजींना नातू म्हणून दत्तक घेतलं होतं. कंपनी आधी परदेशी स्कूटर आणून विकत असे. 1959 साली सरकारी परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या करारावर इथे व्हेस्पा बनू लागल्या. 1972 साली चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि एका गाडीवर अख्खं घर बसवायचं, हा काळ तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला आहे. 2009 च्या अखेरीस कंपनीने स्कूटर बंद करायचं ठरवलं, आणि 2020 मध्ये चेतकच पुन्हा आली, विजेवर चालणारी.

जुन्या चेतकची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मोटारसायकलला नळ्यांची चौकट असते, चेतकला ती नाही. पत्राच तिची हाडं आहेत. म्हणून तिचा रंग म्हणजे नुसती शोभा नव्हे. रंग गेला की गंज, आणि गंज आत गेला की हाडच पोखरलं. फूटबोर्डवरच्या रबरी पट्ट्यांखाली आणि बॅटरीखाली पेचकसने टोचून पाहा. टोक आत गेलं तर तो तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करून घ्या. वरून लांबी भरून रंग मारणारा कारागीर स्वस्त पडतो, पण त्या गाडीवर नातवंडांना बसवू नका.

पत्रा शाबूत असेल तर मात्र घाई नको. उन्हाने रंगाचा फक्त वरचा पापुद्रा मरतो आणि पांढुरका, खडूसारखा होतो. खाली जिवंत रंग असतो. गाडी सावलीत ठेवून भरपूर पाण्याने धुवा. राख, तारेची घासणी, कपड्याची पावडर, काही नको. डांबराचे डाग रॉकेलच्या बोळ्याने निघतात. मग रबिंग कंपाउंड सुती फडक्यावर घेऊन हलक्या हाताने फिरवा. फडक्याला रंग लागला तर घाबरू नका, तो मेलेला थर आहे. पण रंगाची जाडी वहीच्या कागदाएवढीच असते, आणि कडांवर त्याहून कमी. कडा जपा. शेवटी मेणाचं पॉलिश.

नवा रंग द्यायचाच असेल तर डिकीच्या आतल्या बाजूला थिनरचा बोळा लावून पाहा. रंग विरघळून आला तर जुना ड्युकोसारखा लॅकर आहे. नाही आला तर एनॅमल, आणि त्यावर लॅकर फवारला तर खालचा रंग सुरकुतून वर येऊ शकतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तोच शेंदरातला धातू, म्हणून कोरडं घासू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, तोंडाला फडकं बांधा, लेकरांना लांब ठेवा. रंग बदलणार असाल तर आरटीओत आरसीवर नोंद लागते, हे पेंटर सांगत नाही.

आमची चेतक निळी. हे गेल्यावर ती चार वर्षं टिनाच्या शेडमध्ये पडून होती. मुलाचं म्हणणं, सगळी सोलून काळी करू, मस्त दिसेल. पेंटरही तयार होता. मी नाही म्हटलं. पुढच्या पत्र्यावर रंग उडालेला एक घासट पट्टा आहे. दोन्ही मुलं आळीपाळीने तिथे उभी राहायची, बुटांची टोकं टेकवून. मागच्या डाव्या बाजूला दुसरा पट्टा आहे, तो माझ्या टाचेचा. वडनेर ते हिंगणघाट आडवी बसून वीस वर्षं केली मी. कागदांवर माझं नाव कुठेच नव्हतं, पत्र्यावर होतं.

मुलगा दोन दिवस फुगून बसला. मग त्यानेच फूटबोर्डाला वेल्डिंग करून आणलं आणि बाकी अंग आम्ही दोघांनी मिळून घासलं. निळा चांगला उघडला. त्या दोन पट्ट्यांवर तेवढं मेण चढवलंय. पावसाळ्याआधी पुन्हा चढवावं लागेल, नाहीतर गंज धरेल.