नखाखालची कळ : न दिसणाऱ्या वेदनेचा इतिहास

जबलपूरच्या बाजारपेठेतील कमानिया गेट हे 1939 च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक. त्या अधिवेशनास अध्यक्ष सुभाषचंद्र बोस ज्वराने जर्जर होऊन आले, तरी त्यांचे आजारपण हा राजकीय बहाणा असल्याची कुजबुज झाली. अखेर ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात त्यांना आपल्या आजाराविषयी लेख लिहावा लागला.

न दिसणाऱ्या वेदनेवर अविश्वास दाखवणे सोपे असते. रक्तवाहिन्यांच्या एका दुर्मीळ गाठीचा, म्हणजे ग्लोमस ट्यूमरचा, इतिहास हेच सांगतो.

आपल्या बोटांच्या टोकांशी ग्लोमस नावाच्या सूक्ष्म रचना असतात. त्या धमनीतील रक्त केशवाहिन्या टाळून थेट शिरेत सोडतात आणि त्वचेतून होणारा उष्णतेचा व्यय नियंत्रित करतात. त्यांतील पेशींची वाढ होऊन ही गाठ बनते. ती सहसा एक सेंटिमीटरहून लहान व बहुधा कर्करोगाची नसलेली. परंतु थंड पाणी लागताच असह्य कळ उठते. वरून काहीच दिसत नसल्याने अनेक रुग्णांना वर्षानुवर्षे ‘हे मानसिक आहे’ असे ऐकावे लागले.

1812 मध्ये एडिंबरोच्या विल्यम वुड यांनी त्वचेखालील अशा वेदनादायी गाठींचे वर्णन केले. त्यांचे मूळ मात्र 1924 मध्ये उलगडले : स्ट्रासबर्ग येथे पिएर मासाँ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे ग्लोमसशी असलेले नाते ओळखले.

निदानाच्या युक्त्या विलक्षण साध्या आहेत. टाचणीच्या माथ्याने दाबत गेल्यास वेदनेचा नेमका बिंदू सापडतो. ही लव्ह यांची चाचणी. दंडावरील पट्टा फुगवून रक्तप्रवाह रोखल्यास वेदना शमते. ही हिल्ड्रेथ यांची. आज एमआरआय ऊतींमधील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांचे संकेत टिपून ती इवलीशी गाठ दाखवते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचा विशेष आनंद वाटतो.

उपचार एकच : शस्त्रक्रिया. नख बाजूला सारून, नखाखालची त्वचा उघडून संपूर्ण गाठ काढतात आणि ती त्वचा काळजीपूर्वक शिवतात. अंश राहिल्यास वेदना परतते. पेशीपरीक्षणाने निदान पक्के होते.

वुड ते मासाँ हे अंतर 112 वर्षांचे होते. आज टाचणी प्रत्येक दवाखान्यात आहे. तिच्याआधी लागतो तो रुग्णाच्या शब्दावर विश्वास.