चीत, खिंड आणि पानिपत : मराठी क्रीडाभाषेतील रूढ शब्दप्रयोगांचा इतिहास

सामन्याचे धावते वर्णन करणारे निवेदक, वृत्तपत्रांचे क्रीडा-वार्ताहर आणि प्रेक्षागारात बसणारे रसिक ह्या तिघांच्या भाषेविषयी सुशिक्षितांची एक जुनी तक्रार आहे. ही भाषा ठराविक आहे, असे ते म्हणतात. धावांचा नेहमी ‘डोंगर’ उभा राहतो, प्रतिपक्षाची नेहमी ‘दाणादाण’ उडते, तळाचा फलंदाज नेहमी ‘खिंड लढवतो’, विजयाला नेहमी एक ‘शिल्पकार’ असतो आणि सामना कोणत्याही बाजूस झुकला तरी ‘क्रिकेट हा अनिश्चिततेचा खेळ आहे’ हे वाक्य ठरल्या वेळी ऐकू येतेच. तक्रार खोटी नाही. परंतु अशा प्रयोगांना केवळ कंटाळवाणे म्हणून बाजूस सारणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही. फ्रेंच भाषेत ह्या प्रकाराला ‘क्लिशे’ म्हणतात. तो शब्द मुळात मुद्रकांचा असून, जुळवलेल्या मजकुराचा साचा घेऊन त्यावरून ओतलेल्या धातूच्या ठशाला उद्देशून तो वापरीत. मराठीत ‘गुळगुळीत’ हे विशेषण योजिले जाते. त्याचा रोख हातोहात फिरून झिजलेल्या नाण्याकडे असावा. नाणे झिजले तरी ते कोणत्या टांकसाळीतून निघाले, हे पुष्कळदा ओळखता येते. मराठी क्रीडाभाषेच्या बाबतीत अशा टांकसाळी मुख्यतः तीन आहेत : आखाडा, रणांगण आणि इंग्रजांचे क्रिकेट.

आखाड्याचा ठसा सर्वांत खोल आहे. ‘आसमान दाखविणे’, ‘धूळ चारणे’, ‘चारी मुंड्या चीत करणे’, ‘शड्डू ठोकणे’ हे प्रयोग आज हॉकीपासून विधानसभेच्या निवडणुकीपर्यंत कोठेही आढळतात आणि तेथे ते अर्थहीन वाटतात. कुस्तीच्या हौद्यात मात्र त्यांत अतिशयोक्तीचा लेशही नाही. पाठ मातीला टेकलेल्या मल्लाला आकाशच दिसते. पालथ्या पडलेल्याच्या तोंडात तांबडी मातीच जाते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधविलेल्या खासबाग मैदानात १९१२ पासून कुस्त्या पाहणाऱ्या प्रेक्षकाला हे शब्द अलंकार म्हणून नव्हे, तर डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीचे साधे वर्णन म्हणून ठाऊक होते.

क्रिकेटला मराठी परिभाषा देण्याची वेळ आली तेव्हा ह्याच आखाड्यातून शब्द उचलले गेले. पायाने चेंडू अडवून बाद झालेला फलंदाज ‘पायचीत’, धावताना बाद झालेला ‘धावचीत’ आणि यष्टिरक्षकाने बाद केलेला ‘यष्टिचीत’. इंग्रजीत फलंदाज नुसता ‘बाहेर’ जातो. मराठीत तो मल्लाप्रमाणे चीत होतो. ‘त्रिफळाचीत’ हा तर ह्या परिभाषेतील मुकुटमणी म्हटला पाहिजे. हिरडा, बेहडा आणि आवळा ह्या तिघांचे वैद्यकातील चूर्ण तीन यष्ट्यांना चिकटले, त्याला कुस्तीचा निकाल जोडला गेला, आणि घरोघरी त्रिफळा ठाऊक असलेल्या समाजाने तो शब्द विनातक्रार स्वीकारला. ‘सलामीचा फलंदाज’ ह्यातील सलामीही कुस्ती सुरू होण्यापूर्वीची आहे, असे मानण्यास जागा आहे; तोफांच्या सलामीशीही तिचा संबंध लावता येईल. ‘डाव’ हा शब्द मात्र कुस्तीच्या डावपेचांइतकाच खो-खो, विटीदांडू आणि पत्त्यांचाही असल्यामुळे त्यावर आखाड्याला एकट्याने हक्क सांगता येणार नाही.

दुसरी टांकसाळ रणांगणाची. ‘गोलंदाज’ म्हणजे मराठेशाहीच्या तोफखान्यातील तोफ डागणारा. फार्सीतील ‘अंदाज’ ह्या अंत्यपदाचा अर्थ फेकणारा, टाकणारा. तिरंदाज हा शब्द त्याच घडणीचा. चेंडू फेकणाऱ्याला तो जसाच्या तसा लागू पडला. मग त्याच्या जोडीला ‘फलंदाज’ घडविण्यात आला आणि येथे गंमत झाली. व्युत्पत्तीचा आग्रह धरला तर फलंदाज म्हणजे हातातील फळी फेकून देणारा ठरतो. ही गोष्ट नियमांत बसणारी नसली, तरी संतापलेल्या खेळाडूंच्या बाबतीत अगदीच अननुभूत नाही. अशा शब्दांचे अनुयायी मागोमाग आले : भेदक मारा, धडाडणाऱ्या तोफा, खिंडार, शरणागती, एकाकी झुंज. ‘खिंड लढविणे’ ह्या प्रयोगामागे १६६० च्या जुलैत घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे ह्यांनी दिलेला लढा आहे, हे मराठी वाचकास सांगावयास नको. आणि संपूर्ण पराभवास ‘पानिपत’ म्हणताना १४ जानेवारी १७६१ ची तिथीही उच्चारावी लागत नाही.

इंग्रजीतून आलेले प्रयोग पुष्कळ असले तरी त्यांवर थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण त्यांतील बरेचसे सरळ भाषांतर आहे. ‘शेपूट वळवळले’ हे त्याचे ठळक उदाहरण. दोन प्रयोगांचा मात्र वेगळा निर्देश करावयास हवा. बाद झालेला फलंदाज ‘तंबूत परतला’ असे मराठीत म्हणतात. मैदानावर तंबू नसून पक्की इमारत असते, म्हणून ह्या प्रयोगाची कधीकधी थट्टा होते. वस्तुतः इंग्रजी ‘पॅव्हिलियन’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचा मूळ अर्थ तंबू असाच आहे. त्याच्याही मागे लॅटिनमधील फुलपाखराचा वाचक शब्द आहे. तेव्हा इंग्रज जे विसरले ते मराठी भाषांतरकाराने, कदाचित नकळत, जागे केले. दुसरा प्रयोग शून्याचा. इंग्रजाला शून्याच्या आकारात बदकाचे अंडे दिसले, मराठी माणसाला भोपळा. शाळेच्या प्रगतिपुस्तकातील भोपळाच धावफलकावर चढला, आणि ‘भोपळाही न फोडता’ हा प्रयोग त्यातून निघाला.

‘अनिश्चिततेचा खेळ’ ह्या वाक्याचे कूळ सर्वांत अनपेक्षित आहे. अनिश्चिततेला ‘वैभवशाली’ म्हणण्याची इंग्रजी रीत अठराव्या शतकातील असून तेव्हा तिचा रोख खेळावर नव्हता, न्यायालयावर होता. कायद्याचा निकाल कोणत्या बाजूस लागेल ह्याचा नेम नाही, असा तो उपहास होता. क्रिकेटमध्ये येताना त्यातील उपहास गळाला आणि कौतुक तेवढे उरले. वाक्य खोटे नाही. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अवघ्या १८३ धावा करणाऱ्या भारताने वेस्ट इंडीजला १४० धावांत गुंडाळले. २००१ मध्ये कोलकात्यात फॉलोऑन मिळालेल्या भारताने ऑस्ट्रेलियाला १७१ धावांनी हरविले. परंतु निवेदक हे वाक्य अशाच प्रसंगांपुरते राखून ठेवीत नाही. त्याला ते रोज लागते. त्याचे कारण त्याच्या कामाच्या स्वरूपात आहे.

१९३४ मध्ये मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरील चौरंगी स्पर्धेचे धावते वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान ह्यांनी नभोवाणीवरून केले. भारतातील क्रिकेट-निवेदनाचा आरंभ तेथून धरला जातो. तल्यारखान दिवसभर एकटेच बोलत आणि सोबतीला दुसरा निवेदक घेण्यास राजी नसत. त्यांची भाषा इंग्रजी होती. मराठी निवेदनाची वाट पुढे आकाशवाणीवर बाळ ज. पंडित ह्यांनी पाडली. भाषा कोणतीही असो, निवेदकापुढील अडचण एकच असते. ऐकणाऱ्याला मैदान दिसत नाही. दोन चेंडूंमधील क्षण रिकामा ठेवता येत नाही आणि पुढचा चेंडू पडेपर्यंत शब्द शोधीत बसण्यासही अवसर नसतो. अशा वेळी जिभेवर तयार असलेला प्रयोग हेच त्याचे भांडवल. होमरच्या महाकाव्यांतील ठराविक विशेषणांचा उलगडा मिल्मन पॅरी ह्या अमेरिकन अभ्यासकाने ह्याच शतार्धात, १९२८ ते १९३५ च्या दरम्यान, ह्याच तत्त्वावर केला : मौखिक कवी रचना करीतच गात असतो, म्हणून त्याला तयार पदबंध लागतात. डफावर थाप मारून पोवाडा उभा करणारा शाहीर ह्याच पंथातला. तेव्हा निवेदकाच्या पुनरुक्तीला दोष देणाऱ्यांनी शाहिराच्या पुनरुक्तीला दोष दिलेला नाही, हे लक्षात घ्यावे. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात, हाताशी अख्खी संध्याकाळ असताना, तेच प्रयोग उमटतात तेव्हा मात्र ही सबब पुरत नाही.

येथवरचा इतिहास निरुपद्रवी आहे. परंतु रणांगणातील शब्द कोणत्या दोन पक्षांमध्ये उच्चारले जातात, ह्यावर त्यांचा परिणाम अवलंबून असतो. आणि मुंबईच्या क्रिकेटमध्ये पक्ष जमातींवर आधारलेले होते. १८९२ मध्ये पारशी विरुद्ध युरोपियन असा प्रेसिडेन्सी सामना सुरू झाला. १९०७ मध्ये हिंदू आल्याने तो तिरंगी, १९१२ मध्ये मुसलमान आल्याने चौरंगी आणि १९३७ मध्ये ‘इतरे जन’ ह्या संघाच्या समावेशाने पंचरंगी झाला. ह्या स्पर्धेत निकालाचे अगदी रूक्ष वाक्यसुद्धा ‘हिंदूंनी मुसलमानांचा पराभव केला’ किंवा ‘मुसलमानांनी हिंदूंचा पराभव केला’ असेच होत असे. त्यात अलंकाराची भर घालण्याची आवश्यकताच नव्हती. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्यास महात्मा गांधींच्या भेटीस गेली असता त्यांनी जातीय तत्त्वावरील अशा सामन्यांविषयी स्पष्ट नापसंती व्यक्त केली. तरीही स्पर्धा आणखी काही वर्षे चालली आणि १९४६ मध्ये बंद पडली.

ह्या स्पर्धेतील सर्वांत प्रसिद्ध ‘खिंड’ १९४३ च्या डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियमवर लढविली गेली. अंतिम सामन्यात हिंदू संघाने पाच गडी गमावून ५८१ धावांवर डाव घोषित केला. त्यांत विजय मर्चंट ह्यांच्या नाबाद २५० होत्या. ‘इतरे जन’ संघ १३३ धावांत कोसळला. दुसऱ्या डावात त्याच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांतील ३०९ एकट्या विजय हजारे ह्यांच्या होत्या. बंधू विवेक ह्यांच्यासमवेत त्यांनी ३०० धावांची भागी केली. तीत विवेक ह्यांचा वाटा २१ धावांचा. संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. ‘एकाकी झुंज’ हा झिजलेला प्रयोग ह्या डावाला लावला तर त्यात अक्षराचाही फरक करावा लागत नाही. पण झुंजणारा कोण होता? सांगलीस जन्मलेला मराठी माणूस. धर्माने ख्रिस्ती, म्हणून ‘इतर’ ठरलेला. आणि समोरचा संघ हिंदूंचा. बाजीप्रभूंच्या स्मृतीतून निघालेला प्रयोग येथे ज्याच्या वाट्यास येतो तो खेळाडू, स्पर्धेच्या रचनेनुसार, त्या स्मृतीचा वारसदारच नव्हता. भाषेने मात्र असा भेद केला नाही.

‘पानिपत’ ह्या शब्दाची कथा ह्याहून बोचरी आहे. पराभवाचा हा शब्द वापरताना एका बाजूस हिंदू आणि दुसऱ्या बाजूस मुसलमान असे चित्र वक्त्याच्या मनात सहज उभे राहते. भारत-पाकिस्तान सामन्याच्या वेळी तर विशेषच. इतिहास असे चित्र मान्य करीत नाही. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ इब्राहिमखान गारदी ह्याच्या हाताखाली होते. त्याचे लोक मोठ्या संख्येने पडले, तो स्वतः शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. म्हणजे ‘गोलंदाज’ आणि ‘पानिपत’ हे एकाच वाक्यात येणारे शब्द जिथे ऐतिहासिकदृष्ट्या खरोखर एकत्र आले, तेथे मराठ्यांच्या गोलंदाजांचा सरदार मुसलमान होता. झिजलेल्या शब्दातून नेमका हाच तपशील पुसला गेला आहे.

प्रयोग आणि प्रसंग ह्यांचा सांधा नेहमीच जुळतो असेही नाही. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास महाराष्ट्राने काठेवाडविरुद्ध चार गड्यांच्या मोबदल्यात ८२६ धावा केल्या; भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते आणि ब्रॅडमन ह्यांचा तेव्हाचा ४५२ धावांचा उच्चांक नऊ धावांवर होता. ‘धावांचा डोंगर’ म्हणतात तो हाच. परंतु डोंगरापुढे प्रतिपक्ष ‘कोसळला’ नाही, त्याची ‘दाणादाण’ही झाली नाही, काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यासच नकार दिला आणि सामना तेथेच संपला. ह्या कृतीला आखाड्यात वा रणांगणात नाव असेल, क्रीडाभाषेत मात्र ते रूढ झाले नाही.

असाच एक प्रसंग ३१ जानेवारी १९९९ चा. चेन्नईच्या कसोटीत चौथ्या डावात सचिन तेंडुलकर ह्यांनी १३६ धावा करूनही भारत पाकिस्तानकडून अवघ्या १२ धावांनी हरला. चेपॉकवरील प्रेक्षक क्षणभर स्तब्ध राहिले, मग उभे राहून त्यांनी विजयी संघासाठी टाळ्या वाजविल्या, आणि पाकिस्तानच्या खेळाडूंनी त्या टाळ्यांच्या गजरात मैदानास फेरी घातली. धूळ, आसमान, खिंड, पानिपत ह्यांपैकी एकही शब्द ह्या प्रसंगास लागू पडत नाही. मराठीत अशा वेळी ‘दाद दिली’ असे म्हणतात. तो शब्द क्रीडाभाषेत गाण्याच्या मैफलीतून आलेला दिसतो. फार्सीत त्याचा अर्थ न्याय असा असून ‘दाद मागणे’ ह्या दरबारी प्रयोगात तो अर्थ मराठीतही टिकून आहे.