मज्जारज्जूला विजेचे उद्दीपन: दुखण्यासाठी किती, चालण्यासाठी किती?

मणक्याचे ऑपरेशन होऊन वर्ष उलटले, टाके कधीच भरून आले, एमआरआयमध्ये नस कुठे दबलेली दिसत नाही. तरीही कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जळजळ, मुंग्या आणि करंट लागल्यासारखी कळ सुरूच आहे. अशा वेळी डॉक्टर ‘स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर’ सुचवू शकतात. खर्च लाखांत जातो. सिंदी (रेल्वे)मधल्या कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या घरात साहजिकच पुढचा प्रश्न येतो: त्यासाठी शेत गहाण टाकावे का?

हे यंत्र असे असते: मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत एक-दोन बारीक तारा सरकवतात आणि त्या कमरेच्या किंवा पोटाच्या कातडीखाली ठेवलेल्या बॅटरीला जोडतात. तिथून विजेचे सौम्य ठोके जातात आणि वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत कमी पोचतो. यामागची कल्पना मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडली, तर 1967 मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी पहिले यंत्र बसवले. दुखण्याचे मूळ कारण यंत्राने जात नाही, हे मात्र पक्के ध्यानात ठेवा.

उपयोग होण्याची शक्यता असते ती नसेच्या दुखण्यात: ऑपरेशननंतर उरलेली पायातली कळ, इजेनंतर हात किंवा पाय सतत जळजळणे व सुजणे, मधुमेहामुळे तळपायांची आग. झिजलेले गुडघे किंवा वजन उचलून भरलेली कंबर यांसाठी हे यंत्र नाही. निव्वळ कंबरदुखीत तर पुरावा कमकुवतच आहे. नॉर्वेत मणक्याच्या ऑपरेशननंतर दुखणे राहिलेल्या 50 रुग्णांवर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास झाला. यंत्र सर्वांना बसवले, पण काही काळ चालू आणि काही काळ रुग्णाला न कळता बंद ठेवले. रोजच्या हालचालींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. त्यात उद्दीपनाची एकच पद्धत वापरली होती, तरी मोठा खर्च करण्याआधी हे तुम्हाला माहीत असायला हवे.

म्हणूनच चाचणी महत्त्वाची. आधी फक्त तारा घालतात, बॅटरी शरीराबाहेर असते आणि साधारण पाच ते सात दिवस पाहतात. दुखणे निम्म्याने तरी कमी झाले तरच कायमचे यंत्र बसवण्याचा विचार होतो. हे दिवस खाटेवर पडून काढू नका. डॉक्टरांनी सांगितलेली बंधने पाळून चाला, बसा आणि झोप किती लागली, गोळ्या किती लागल्या ते वहीत लिहा. नव्या उपचाराच्या आशेनेही दुखणे हलके वाटते. नुसत्या ‘बरं वाटतंय’पेक्षा ही वही जास्त खरे सांगते.

झाडावरून पडून किंवा अपघातात पाय लुळे पडले असतील तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत लुईव्हिल इथे 2011 साली आणि स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे 2018 साली काही रुग्ण उद्दीपन सुरू असताना उभे राहिले, काही पावले चालले. त्यामागे महिनोन्‌महिने रोजचा व्यायाम होता आणि रुग्ण मोजकेच होते. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत कातडीवरून उद्दीपन देणाऱ्या एका यंत्राला परवानगी मिळाली, तीही मानेच्या अपुऱ्या इजेत हाताची ताकद व संवेदना सुधारण्यासाठी. आपल्याकडे हा नेहमीचा उपचार नाही. ‘मशीन लावा, पेशंट चालेल’ असे कोणी सांगत असेल तर पैसे भरू नका. फिजिओथेरपी, लघवीची काळजी आणि पाठीवर जखमा होऊ न देणे यांतच आज त्याचा खरा फायदा आहे.

पहिली तपासणी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी (मेघे) किंवा नागपूरचे एम्स इथे करून घ्या. यंत्र बसवण्याचे काम मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी होते, उदाहरणार्थ मुंबईचे जसलोक रुग्णालय. बॅटरी किती वर्षे टिकेल, बदलायचा खर्च किती, विमा किंवा सरकारी योजनेत ते बसते का, हे लेखी विचारा.

यंत्र बसवल्यावर फिजिओथेरपीच्या दवाखान्यात डायथर्मीचा शेक कधीही घेऊ नका. तारा तापून गंभीर इजा होऊ शकते. एमआरआयआधी यंत्राचे कार्ड दाखवा. पाठीवर फवारणीचा पंप बांधण्याआधी सर्जनना विचारा, कारण पट्टा बॅटरीवर घासतो आणि तार सरकू शकते. ताप, जखमेतून पू, पायांत नव्याने अशक्तपणा किंवा लघवी अडणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठा.