सुतारकामातलं बिस्किट

बिस्किट म्हटलं की आपल्याला पार्ले-जी आठवतं. सुतारांचं बिस्किट मात्र लाकडाचं असतं, आणि त्याचा इतिहास मोठा मजेदार आहे.

आमच्या मंगळवेढ्याच्या जुन्या घराचं दार सागवानी फळ्यांचं आहे. मागून आडव्या पट्ट्या आणि लोखंडी खिळे. उन्हाळ्यात फळ्या आक्रसून फटी पडतात, पावसाळ्यात फुगून दार अडकतं. लाकूड रुंदीत असं हलणारच, हे जुन्या सुतारांनी गृहीत धरलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात चिपबोर्ड सर्रास वापरात आला. तो असा एकाच दिशेने फुगत-आक्रसत नाही, पण त्यात जुन्या पद्धतीचा सांधा करायला जावं तर कडेचा भुगा होतो. पिढ्यान् पिढ्यांचं कसब एकदम निरुपयोगी! स्वित्झर्लंडमधल्या लिस्टाल गावचे सुतार हर्मन श्टाइनर यांनी 1955 च्या सुमारास यावर उपाय काढला. दोन्ही फळ्यांच्या कडेला गोल पात्याने अर्धचंद्रासारखी खाच पाडायची आणि गोंद लावून तिच्यात बीच लाकडाची दाबलेली चपटी चकती बसवायची. गोंदातलं पाणी पिऊन ती फुगते आणि घट्ट बसते. 1956 मध्ये यासाठी एका जागी बसवायचं यंत्र आलं, 1968 मध्ये हातात धरायचं. 1969 मध्ये 'लामेलो' ही कंपनी झाली.

आता खरी गंमत. बिस्किटामुळे फळ्या आपोआप एका पातळीत येतात, असा समज आहे. तसं नाही. खाच बिस्किटापेक्षा मुद्दामच थोडी लांब असते, म्हणजे फळी लांबीच्या दिशेने जराशी सरकवून जुळवता येते. जाडीच्या दिशेने मात्र बिस्किट खाचेत जेमतेम मावतं. म्हणून खाच वरच्या पृष्ठभागापासून नेमकी किती अंतरावर पडली, यावर सगळं अवलंबून. दोन्ही फळ्यांच्या वरच्या बाजूवर आधी पेन्सिलीने खूण करायची, यंत्राची टेकणपट्टी दोन्ही वेळा त्याच बाजूवर घट्ट दाबायची. फळ्यांच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी तो खाली जातो, वरचा पृष्ठभाग सपाट राहतो. एक फळी वरून आणि दुसरी खालून मोजली, तर तोच फरक वर पायरीसारखा बोटाला लागतो.

आपल्या भाषेत, रेफरन्स एकच हवा. श्टाइनरनी सगळीकडे अचूकतेचा हट्ट धरला नाही. एका दिशेला काटेकोरपणा आणि दुसरीला मोकळीक दिली, म्हणून साधा सुतारही हे काम झटपट करू शकला. टॉलरन्स कुठे द्यायचा हे कळणं, यालाच मी डिझाइन म्हणतो.