मानवी भूगोल म्हणजे काय? घनता, स्थलांतर, नागरीकरण या शब्दांचे नेमके अर्थ

‘रत्नागिरी जिल्ह्यात एक हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया!’ असा एखादा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. आकडा खरा आहे, २०११ च्या जनगणनेतला आहे. पण त्यावरून ‘म्हणजे तिथे मुली जास्त जन्मतात’ असा निष्कर्ष काढला, तर तो चुकतो. असे आकडे कसे वाचायचे, हे मानवी भूगोल शिकवतो. येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. त्यानंतर असे असंख्य आकडे फिरू लागतील, म्हणून त्यामागचे मूळ शब्द समजून घेऊया.

मानवी भूगोल म्हणजे काय?

डोंगर, नद्या, हवामान, मृदा यांचा अभ्यास म्हणजे प्राकृतिक भूगोल. माणसे कुठे राहतात, तिथेच का राहतात, काय काम करतात, कुठून कुठे जातात आणि त्यामुळे जमीन कशी बदलते, याचा अभ्यास म्हणजे मानवी भूगोल.

या विषयात एक जुना वाद आहे. माणसाचे जीवन निसर्गच ठरवतो, असे मानणारा विचार म्हणजे निसर्गवाद. जर्मन अभ्यासक फ्रेडरिक रॅट्झेल यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. निसर्ग फक्त शक्यता देतो, निवड माणूस करतो, असे मानणारा विचार म्हणजे संभववाद. त्याचा पाया फ्रेंच भूगोलतज्ज्ञ व्हिदाल द ला ब्लाश यांनी घातला. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो, ही निसर्गाची मर्यादा. भीमेवर उजनी धरण बांधून तिथे ऊस घेतला जातो, ही माणसाची निवड. मात्र त्या निवडीची किंमतही असते. धरणाचे पाणी कोणत्या पिकाला आणि कोणत्या गावाला द्यायचे, हा वाद तिथूनच सुरू होतो.

लोकसंख्येची घनता

एक चौरस किलोमीटरमध्ये सरासरी किती लोक राहतात, ती घनता. २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांहून अधिक होती आणि घनता ३६५. पण गडचिरोलीत ती ७४ होती, तर मुंबई उपनगर जिल्ह्यात जवळपास २१ हजार.

घनता ही सरासरी असते, हे विसरू नये. गडचिरोलीचा मोठा भाग जंगलाखाली आहे. तिथे प्रत्येक चौरस किलोमीटरवर ७४ माणसे विखुरलेली नाहीत, ती गावागावांत एकत्र राहतात. उपनगर जिल्ह्याच्या क्षेत्रफळात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा काही भागही मोजला जातो. तो वगळला, तर माणसांच्या वाट्याला येणारी जागा आणखी कमी भरते.

लिंग गुणोत्तर

दर एक हजार पुरुषांमागे असलेली स्त्रियांची संख्या म्हणजे लिंग गुणोत्तर. २०११ मध्ये ते महाराष्ट्रात ९२९, रत्नागिरीत ११२२ आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२ होते. या शेवटच्या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध आहे. रत्नागिरीतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कामासाठी मुंबईत जात आले. आधी गिरण्या आणि गोदी, नंतर कारखाने, हॉटेले, कार्यालये. गावात आई, बायको आणि म्हातारी माणसे राहिली. म्हणून एकीकडे आकडा वर गेला आणि दुसरीकडे खाली आला.

मुलींच्या जन्माबद्दल जाणून घ्यायचे असेल, तर ० ते ६ वयोगटाचे लिंग गुणोत्तर पाहावे. या वयात कामासाठी कोणी एकटे गाव सोडत नाही. राज्यात २०११ मध्ये ते ८९४ होते, म्हणजे एकूण गुणोत्तराहूनही कमी. खरी काळजी तिथे आहे.

स्थलांतर

राहण्याचे ठिकाण बदलणे म्हणजे स्थलांतर. गाव सोडायला लावणारी कारणे आणि नव्या ठिकाणी ओढून नेणारी कारणे अशा दोन बाजूंनी त्याकडे पाहतात. कोकणात जमिनीचे लहान तुकडे आणि एका पावसाळी पिकावरची भिस्त ही सोडायला लावणारी कारणे. मुंबईतला रोजचा पगार आणि आधीच तिथे गेलेले गाववाले ही ओढणारी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी घटली. त्याच काळात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली.

२०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. हा आकडा ऐकून परराज्यांतून आलेल्या कामगारांचे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात यातला फार मोठा हिस्सा लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियांचा आहे आणि बहुसंख्य लोक आपल्याच राज्यात हललेले आहेत.

उलट काही स्थलांतर या नोंदीत नीट उमटत नाही. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि गाळप हंगाम संपला की परततात. याला हंगामी स्थलांतर म्हणतात. आधीचे राहण्याचे ठिकाण कोणते, एवढ्या प्रश्नातून ही दरवर्षीची ये-जा दिसत नाही. पण मुलांची शाळा, रेशन, गरोदर बाईची तपासणी हे सगळे याच महिन्यांत अडते.

वस्तीचे प्रकार

घरे एकमेकांना लागून असतील तर ती केंद्रित वस्ती. देशावरची गावठाणे बहुधा अशी असतात. पाणी मोजक्या ठिकाणी मिळते, म्हणून माणसे त्याभोवती एकवटली. घरे दूर दूर असतील तर विखुरलेली वस्ती. कोकणात चढ-उतार जास्त, सपाट जागा कमी, म्हणून एकच गाव अनेक वाड्यांत पसरलेले असते. रस्त्याच्या, नदीच्या किंवा किनाऱ्याच्या कडेने घरांची रांग लागली तर ती रेषाकृती वस्ती. हा फरक केवळ नकाशापुरता नाही. दहा वाड्यांच्या गावाला नळाची वाहिनी आणि विजेचे खांब एकाच गावठाणापेक्षा कितीतरी जास्त लागतात.

नागरीकरण

एकूण लोकसंख्येत शहरी लोकसंख्येचे प्रमाण वाढत जाणे म्हणजे नागरीकरण. २०११ मध्ये देशातले ३१.२ टक्के लोक शहरी होते, महाराष्ट्रातले ४५.२ टक्के आणि गोव्यातले ६२.२ टक्के.

पण शहर कशाला म्हणायचे? जनगणनेत दोन प्रकार आहेत. महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ असलेले ठिकाण हे वैधानिक शहर. दुसरा प्रकार जनगणना शहराचा. त्यासाठी तीन अटी आहेत:

- लोकसंख्या किमान ५,०००
- मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात
- घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००

देशात अशी जनगणना शहरे २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. इथेच खरी अडचण आहे. जनगणनेत शहर ठरलेल्या अशा गावाचा कारभार ग्रामपंचायतच पाहते. इमारती उभ्या राहतात, भाडेकरू वाढतात, कचरा आणि सांडपाणी शहरासारखे होते, पण नगरपरिषदेचे अधिकार, कर्मचारी आणि निधी मिळत नाहीत. दुसरीकडे, नगरपरिषद झाली तर कर वाढतील आणि ग्रामीण योजना जातील, म्हणून विरोध करणारी गावेही असतात. ‘गाव’ की ‘शहर’ हा नुसता शब्दांचा खेळ नाही.

आकडा समोर आल्यावर काय पाहावे?

१. आकडा कोणत्या वर्षाचा आहे? २०२१ ची जनगणना झालेलीच नाही.
२. तो कोणत्या क्षेत्राचा आहे: गावाचा, जिल्ह्याचा की राज्याचा? ठाण्यातून पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे थेट जुळत नाहीत.
३. व्याख्या काय आहे? ‘स्थलांतरित’ किंवा ‘शहरी’ कोणाला म्हटले आहे?
४. सरासरीमागे कोण दडले आहे?

एवढे चार प्रश्न विचारले, तरी फॉरवर्ड करण्याआधी बऱ्याच मेसेजांचा खरा अर्थ कळतो.