तळटीप : रॉड्रिगेझ, यांकीज आणि बोस्टनचा धसका

* ‘त्या हिवाळ्याचा धसका’ – संदर्भ फेब्रुवारी २००४चा. २५.२ कोटी डॉलरचा, १० वर्षांचा करार असलेला बेसबॉलपटू अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ टेक्सास रेंजर्सकडून न्यूयॉर्क यांकीजकडे गेला आणि बोस्टन रेड सॉक्सच्या चाहत्यांनी हंगामाआधीच हाय खाल्ली. डिसेंबरात हाच खेळाडू बोस्टनला मिळाल्यात जमा होता. त्यासाठी तो पैसे सोडायलाही तयार होता, पण खेळाडूंच्या संघटनेने ती कपात नामंजूर केली आणि सौदा फिसकटला. यांकीजकडे जागा रिकामी झाली ती आरन बून बास्केटबॉल खेळताना गुडघा दुखावून बसला म्हणून. हा बून तोच, ज्याने ऑक्टोबर २००३मध्ये यांकीज-बोस्टन मालिकेतील सातव्या सामन्याच्या ११व्या डावात होमरन मारून बोस्टनचे आव्हान संपवले होते. १९१८पासून विजेतेपदाची वाट पाहणाऱ्यांना यात दैवाचा हात दिसला, तर त्यांना वेडे ठरवू नये. हिशेब मात्र चुकला. बेसबॉलमध्ये फलंदाज कितीही मोठा असो, नऊ जणांच्या क्रमात त्याची पाळी सामन्याला जेमतेम चार-पाच वेळा येते. क्रिकेटसारखा दिवसभर तळ ठोकून तो सामना एकहाती फिरवू शकत नाही. शिवाय कर्ट शिलिंगसारखा पिचर बोस्टनने नोव्हेंबरातच मिळवला होता. ऑक्टोबर २००४मध्ये यांकीजविरुद्ध ०-३ असे मागे पडूनही बोस्टनने मालिका ४-३ जिंकली. सहाव्या सामन्यात धावत सुटलेल्या रॉड्रिगेझने बोस्टनच्या ब्रॉन्सन अरोयोच्या हातावर फटका मारून चेंडू पाडला. पंचांनी त्याला बाद दिले.